आयव्हीएफच्या अपयशानंतर वैद्याकडे जातांना

डहाणूहून सकाळीं मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्यें बोईसरास व पालघरास जीं माणसें चढतात, त्यांत कारखान्यांतले व कचेऱ्यांतले नोकर, कॉलेजचीं मुलें, भाजीवाल्या आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी असतात. त्यांतच अधूनमधून एखादें तिशी-पस्तिशीचें जोडपें असतें. त्यांच्या पिशवींत सोनोग्राफीच्या व रक्ततपासणीच्या कागदांची जाडजूड फाईल असते, आणि कोणी ओळखीचें भेटलेंच तर ‘जरा मुंबईस काम होतें’ यापलीकडे तीं कांहीं सांगत नाहींत. आयव्हीएफचें दुसरें किंवा तिसरें आवर्तन फुकट गेलें, म्हणजे घरांतील एखादें वडील माणूस म्हणतें, “आतां तें सर्व पुरे, एकदां आयुर्वेदाचें करून पाहूं.” हें बोलणें प्रेमाचेंच असतें. परंतु कोणाच्या दारीं जावें, काय विचारावें व किती दिवस थांबावें, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. आणि या कामीं गेलेला काळ, गेलेल्या पैशाप्रमाणें, पुन्हा मिळवितां येत नाहीं.

नलिकेंत बीजसंयोग घडवून तो गर्भ गर्भाशयांत ठेवण्याची विद्या फार जुनी नाहीं. इंग्लंडांत ओल्डहॅम येथें २५ जुलै १९७८ रोजीं लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली, ती या मार्गानें जगांत आलेलें पहिलें मूल होय. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनीं, ३ ऑक्टोबर रोजीं, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें दुर्गा जन्मास आली. पण सरकारी समितीनें त्यांचा दावा अमान्य केला, आणि १९८१ सालीं त्या विद्वान् गृहस्थानें आत्महत्या केली. पुढें ६ ऑगस्ट १९८६ रोजीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत हर्षा चावडा हिचा जन्म झाला, आणि देशांतील अशा पहिल्या बालकाचें श्रेय डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या नांवें नोंदलें गेलें. याच आनंदकुमारांनीं मुखोपाध्यायांचीं टिपणें स्वतः तपासलीं व १९९७ सालीं जाहीर केलें कीं, पहिलेपणाचा मान त्यांचा आहे. आपल्या पदरांत पडलेला मान काढून दुसऱ्यास देणारीं माणसें थोडीं, म्हणून ही हकीकत मुद्दाम सांगितली. शिवाय तींत आमच्या विषयास लागू पडणारी एक गोष्ट आहे: श्रेय ठरलें तें लिहून ठेवलेल्या टिपणांवरून, कोणाच्या बोलण्यावरून नव्हे.

आतां ‘अपयश’ हा शब्द आपण एकच वापरतों. पण त्याच्या पोटांत चार निरनिराळ्या गोष्टी असूं शकतात. इंजेक्शनें देऊनहि पुरेशीं स्त्रीबीजें मिळालीं नाहींत. बीजें मिळालीं पण त्यांचा शुक्रजंतूंशीं संयोग झाला नाहीं, किंवा झालेला गर्भ वाढला नाहीं. चांगला दिसणारा गर्भ ठेवला तरी तो गर्भाशयांत रुजला नाहीं. किंवा रुजून कांहीं आठवड्यांनीं पडला. या चारांचीं कारणें वेगळीं व उपायहि वेगळे. तेव्हां फाईल न उघडतां जो वैद्य नाडी पाहून तत्काळ औषध लिहितो, त्याच्यापुढें बसून काय मिळणार? सहायक प्रजननाचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आला आहे, आणि त्याप्रमाणें कोणती क्रिया केली त्याचा तपशील लिहिलेला दाखला केंद्रानें जोडप्यास द्यावयाचा असतो. तो मागून घ्यावा. कित्येक जोडपीं रागानें किंवा लाजेनें केंद्राकडे पुन्हा फिरकत नाहींत, आणि कागद तेथेंच राहतात.

एका प्रयत्नांत यश न येणें ही अनहोनी गोष्टहि नव्हे. इंग्लंडांतील नियामक संस्थेच्या अलीकडच्या आंकड्यांप्रमाणें पस्तिशीच्या आंतील स्त्रियांत एक गर्भ ठेवला असतां मूल होण्याचें प्रमाण सुमारें तिघींत एक इतकें आहे, आणि स्वतःच्या बीजानें चव्वेचाळिशीनंतर तें शेंकडा पांचाच्या आसपास येतें. म्हणजे तरुण स्त्रीच्या बाबतींतहि एक रोपण वायां जाण्याचाच संभव अधिक. ही गोष्ट आधीं कोणी नीट समजावून सांगितलेली असती, तर पहिल्या अपयशानंतर घरांत जें सुतक पसरतें तें पुष्कळ हलकें झालें असतें.

आयुर्वेदाकडे वळतांना पहिली गोष्ट ही ध्यानांत घ्यावी कीं, त्याचे मूळ ग्रंथ आपल्या घरांतल्या समजुतींपेक्षां बरेच समंजस आहेत. सुश्रुतानें शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत गर्भास चार गोष्टी लागतात असें म्हटलें आहे: ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज. काळ योग्य हवा, गर्भाशय निरोगी हवें, पोषण करणारा रस हवा, आणि दोघांचें बीज चांगलें हवें. पालघर तालुक्यांतल्या भातशेतकऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. राब भाजून रोप तयार करावयाचें, पाऊस साधून आवणी करावयाची, आणि पीक आलें नाहीं तर बियाणें, पाणी, हंगाम व जमीन या चारहि गोष्टी तपासावयाच्या, हें तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. एकट्या जमिनीस शिव्या देत तो बसत नाहीं. सुशिक्षित घरांत मात्र सुनेस बोल लावून मोकळें होण्याची चाल अद्याप गेलेली नाहीं.

आणखी एक मौज पाहा. ज्या अध्यायांत सुश्रुत हा विषय काढतो, त्याचा आरंभ स्त्रीच्या दोषांनीं होत नाहीं. पुरुषाच्या शुक्रदोषांनीं होतो. चरकाच्या चिकित्सास्थानांतील तिसाव्या अध्यायांत स्त्रियांच्या वीस योनिव्यापदांचें वर्णन आहे. पण त्याच अध्यायांत पुढें शुक्राचे आठ दोष व क्लैब्याचे चार प्रकारहि सांगितले आहेत. दोघांची चिकित्सा एकाच ठिकाणीं मांडण्याइतकी दृष्टि त्या काळच्या आचार्यांस होती. आणि गर्भधारणेस हितकर अशा गोष्टींत चरकानें अग्रस्थान दिलें आहे तें कोणत्या मुळीस किंवा भस्मास नव्हे, तर मनाच्या प्रसन्नतेस. ज्या घरांत दर महिन्याच्या चौथ्या दिवशीं सासूबाईंचा चेहरा पडतो, तेथें वैद्यानें कोणतें घृत द्यावें?

या विद्येचा आजच्या शरीरशास्त्राशीं चांगला जमणारा भाग म्हणजे गर्भधारणेपूर्वींची तयारी. पुष्कळ वैद्य नव्या प्रयत्नापूर्वीं सुमारें तीन महिने आहार, दिनचर्या व शोधन यांसाठीं मागतात. पुरुषाच्या शरीरांत शुक्रजंतु पूर्ण तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो, आणि स्त्रीबीजाच्या शेवटच्या वाढीसहि जवळजवळ तेवढाच. तेव्हां आज सोडलेल्या तंबाखूचें फळ तपासणींत दिसावयास तीन महिने लागावेत हें साहजिक आहे. या तीन महिन्यांत वैद्य जें करावयास सांगतो, त्यांतील पुष्कळसें डॉक्टरहि सांगतातच: वेळेवर जेवण, पुरेशी झोंप, चालणें, मद्य व तंबाखू वर्ज्य. ज्या स्त्रीची पाळी अनियमित आहे, बीजकोशांत बारीक पुटिका आहेत व वजन वाढलेलें आहे, तिचें वजन शेंकडा पांच ते दहा कमी झालें तरी बीज सुटण्याची क्रिया कित्येकदां आपोआप सुरू होते. डॉक्टराच्या धांवत्या पांच मिनिटांत हें सांगून होतें, पण घडत नाहीं. चांगला वैद्य अर्धा तास बसवून घेतो, काय खातां, केव्हां निजतां, रात्रपाळी आहे काय, हें विचारतो, आणि दर पंधरवड्यास पुन्हा बोलावतो. आमच्या मतें या बाबतींत आयुर्वेदाचा खरा उपयोग येथेंच आहे, आणि तो लहान समजूं नये. हार्मोनच्या इंजेक्शनांनीं व वारंवारच्या निराशेनें थकलेल्या स्त्रीस तीन महिने कोणी नीट विचारपूस करणारें मिळणें हेंहि औषधच आहे.

औषधांकडे आलें म्हणजे मात्र हात आंखडता घ्यावा लागतो. शतावरी, फलघृत, अशोकारिष्ट, कुमार्यासव, पुरुषांस अश्वगंधा व कपिकच्छु म्हणजे आपली खाजकुइली, हीं नांवें या प्रकरणीं नेहमीं ऐकूं येतात. अश्वगंधेवर थोडेंफार आधुनिक पद्धतीचें काम झालें आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत शुक्रजंतु कमी असलेल्या ४६ पुरुषांस नव्वद दिवस औषध किंवा नुसती दिखाऊ गोळी देण्यांत आली, आणि अश्वगंधा घेणाऱ्यांत शुक्रजंतूंची संख्या बरीच वाढली. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा. पण माणसें फारच थोडीं, आणि मोजली गेली ती शुक्रजंतूंची संख्या, घरांत आलेलीं मुलें नव्हेत. आयव्हीएफ फसल्यानंतर आयुर्वेदानें मूल होण्याचें प्रमाण वाढतें असें मोठ्या तुलनात्मक चाचणीनें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. कांहीं गोष्टी तर औषधाच्या आटोक्याबाहेरच्या आहेत. दोन्ही गर्भनलिका पार बंद असतील, वीर्य वाहून आणणारी नळीच पुरुषास जन्मतः नसेल, किंवा स्त्रीचीं बीजें अकालीं संपलीं असतील, तर काढे व घृतें तेथें काय करणार? प्रामाणिक वैद्य हें स्वतःच सांगतो, आणि असे वैद्य पुष्कळ आहेत.

“पण अमक्यांच्या सुनेस आयव्हीएफ दोनदां फसल्यावर वैद्यांच्याच औषधानें दिवस गेले कीं नाहीं?” असा प्रश्न वाचक करतील. गेले असतील. खोटें कोणी बोलत नसतें. परंतु फ्रान्समध्यें आठ केंद्रांत उपचार घेतलेल्या दोन हजारांहून अधिक जोडप्यांची कांहीं वर्षांनीं चौकशी करण्यांत आली, आणि तिचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. आयव्हीएफनें मूल न झालेल्या जोडप्यांपैकीं शेंकडा २४ जोडप्यांस पुढें कोणताहि उपचार न करतां, आपोआप, मूल झालेलें आढळलें. त्यांत वय कमी असलेलीं व ज्यांच्या वंध्यत्वाचें कारण सांपडलें नव्हतें अशीं जोडपीं अधिक होतीं. आतां असें समजा कीं, अशा शंभर जोडप्यांनीं बोईसरांतल्या एखाद्या वैद्याकडे नांव घातलें व त्यानें त्यांस नुसता गुळवेलीचा काढा दिला. कांहीं वर्षांत त्यांपैकीं वीसपंचवीस जणांकडून पेढे येतील, आणि उरलेलीं पंचाहत्तर कोठें गेलीं हें कोणी विचारणार नाहीं. दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले बाळांचे फोटो पाहतांना हें गणित मनांत असूं द्यावें. हेंच गणित मुंबईच्या चकचकीत केंद्रांसहि लागू आहे, हें सांगणें न्यायाचें होईल.

अपाय होत नाहीं, मग घ्यावयास काय हरकत, असें म्हणण्याचा एक प्रघात आहे. तो सोडला पाहिजे. परदेशांत संगणकाच्या मार्गें विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय औषधांची तपासणी अमेरिकेंत झाली व तिचे निकाल २००८ सालीं प्रसिद्ध झाले. सुमारें पांचांतील एका औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला, आणि रसशास्त्रोक्त औषधांत हें प्रमाण अधिक होतें. २०११-१२ मध्यें न्यूयॉर्क शहरांत सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण वाढलेलें सांपडलें. त्या सर्वांनीं हिंदुस्थानांतून आलेलीं आयुर्वेदीय औषधें घेतलीं होतीं. शिसें आईच्या हाडांत सांठतें व गर्भापर्यंत पोंचतें. म्हणून दिवस राहण्याची इच्छा असलेल्या स्त्रीनें भस्में व रसकल्प पूर्ण माहितीशिवाय घेऊं नयेत, आणि लेबल नसलेली पुडी तर मुळींच घेऊं नये. पुरुषास उपयोगी म्हणून सांगितलेली अश्वगंधा थायरॉईडवर परिणाम करते, आणि गर्भवतीनें ती घेऊं नये असा इशारा दिला जातो. तेव्हां एकाच डब्यांतून दोघांनीं चूर्ण खाणें बरोबर नाहीं. थायरॉईडची किंवा मधुमेहाची चालू गोळी ‘शरीर शुद्ध होऊं द्या’ म्हणून कोणी बंद करावयास सांगितली तर तेथून उठावें. फॉलिक ॲसिडची गोळी तशीच चालू ठेवावी.

उत्तरबस्तीविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें जरूर आहे. गर्भाशयांत औषधी तेल किंवा घृत सोडण्याची ही क्रिया नलिका मोकळी करण्यासाठीं केली जाते. आपल्या देशांत नलिका बंद होण्याचें एक मोठें कारण जननेंद्रियांचा क्षय हें आहे; तो बहुधा गुप्तपणें असतो, खोकला नाहीं, ताप नाहीं, पाळी मात्र कमी होत जाते. असा क्षय किंवा दुसरा कोणताहि जंतुसंसर्ग आंत असतां बाहेरून कांहीं सोडणें धोक्याचें. आधीं तपासणी, क्षय निघाला तर त्याचा पूर्ण उपचार, आणि मग पुढचा विचार. हा क्रम उलटा होतां कामा नये.

आतां बोईसर-तारापुराविषयीं खास. येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे, कापडाचे व पोलादाचे कारखाने दाटीनें उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण-निर्देशांक काढला, त्यांत तारापूर सर्वांत वर होतें. यावरून गांवांतील प्रत्येक वंध्यत्वास कारखाना जबाबदार आहे असें म्हणतां येणार नाहीं. शेजारच्या अणुवीजकेंद्राकडे बोट दाखविणें तर त्याहून निराधार. पण भट्टीजवळ दिवसाचे आठ तास उभें राहणारा, किंवा शिसें व द्रावकांच्या वाफेंत काम करणारा पुरुष असेल, तर उष्णतेनें व या द्रव्यांनीं शुक्रजंतु घटतात हें माहीत असलेलें आहे. वंध्यत्व असलेल्या सुमारें निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोषाचा कांहीं ना कांहीं भाग असतो. असें असूनहि सुनेच्या तीन दुर्बिणी-तपासण्या झाल्यावर मुलाची एक साधी वीर्यतपासणी व्हावी, असे प्रकार आमच्या परिचितांच्या घरांत घडलेले आहेत, आणि त्या घरांत पदवीधर नसलेलें माणूस नव्हतें. वैद्यानें किंवा डॉक्टरानें ‘कोठें काम करतां?’ हें पतीस विचारलें नाहीं, तर पतीनें आपण होऊन सांगावें.

जाहिरातींपासून सावध राहण्यास कायदाच मदत करतो. १९५४ च्या औषधें व जादूचे उपाय यांविषयींच्या कायद्याच्या परिशिष्टांत ज्या रोगांवरील औषधांची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यांत स्त्रियांचें वंध्यत्व येतें. तेव्हां रेल्वेच्या डब्यांत चिकटविलेला ‘हमखास संतति’ असा कागद लावणारा मनुष्य कायद्याच्या बाहेर उभा आहे, इतकें समजलें तरी पुरे. त्याहून वाईट ती मुलग्याची हमी. पुंसवनाचा विधि प्राचीन ग्रंथांत आहे, हें खरें. त्याचा आधार घेऊन ‘मुलगाच होईल’ असें औषध विकणारे आहेत, हेंहि खरें. गर्भाचें लिंग ठरतें तें पुरुषबीजावरून व संयोगाच्या क्षणींच. मागून दिलेल्या नस्यानें तें बदलत नाहीं, आणि १९९४ च्या कायद्यानें लिंगनिवडीचा मार्ग व त्याची जाहिरात हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. ज्या जोडप्यास एक मूल दृष्टीस पडावें म्हणून इतका खटाटोप करावा लागतो, त्याच्यापुढें ही पुडी ठेवणाऱ्यास काय म्हणावें!

देवाचें केलें तर चालेल काय, असें विचारणाऱ्या भगिनीहि आहेत. डहाणूजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्रांत भरते, आणि तिची आख्यायिका या संदर्भांत गोड आहे: डोंगर चढतां चढतां एका गरोदर भक्त स्त्रीस भोंवळ आली, तेव्हां देवी म्हणाली कीं, तूं वर येऊं नकोस, मीच खालीं येतें, आणि ती पायथ्याशीं येऊन राहिली. दर्शनास जावें, मनास बरें वाटतें. मात्र नवस बोलतांना सुनेच्या नांवानें दहा माणसांत बोलूं नये.

काळाचें मात्र पक्कें धरावें. स्त्री तिशीच्या अलीकडे-पलीकडे असेल व नलिका आणि वीर्य ठीक असेल, तर सहा महिने धीर धरून आहार-विहार व वैद्याचा उपचार करण्यास हरकत नाहीं. सदतीस-अडतीस ओलांडली असेल तर तीन महिन्यांपलीकडे थांबूं नये, आणि त्या तीन महिन्यांतहि डॉक्टरास कळवून ठेवावें. कायद्यानें या उपचारास स्त्रीचें वय पन्नासाच्या आंत व पुरुषाचें पंचावन्नाच्या आंत असावें लागतें. पण निसर्ग इतका वेळ थांबत नाहीं. दुसऱ्या प्रयत्नाचीं इंजेक्शनें चालू असतां वैद्याचीं औषधें मधेंच चालू ठेवावयाचीं कीं नाहीं, हें दोघांनीं एकमेकांस विचारून ठरवावें. एकाचें दुसऱ्यापासून लपविण्यांत जोडप्याचेंच नुकसान आहे. आणि दत्तकाचा विचार शेवटीं, हरल्यासारखा, न करतां आधींच घरांत बोलून ठेवावा. आपल्या घराण्यांत दत्तक कांहीं नवा नाहीं. पूर्वीं तो मुलगाच असे व बहुधा भाऊबंदांतला असे. १९५६ च्या कायद्यानें मुलगीहि दत्तक घेतां येते, आणि पत्नीच्या संमतीवांचून एकट्या पतीस तो निर्णय करतां येत नाहीं.

वैद्याकडे जाण्याचें ठरलेंच, तर त्यानें आयुर्वेदाची मान्य पदवी घेतली आहे व त्याची नोंदणी आहे हें पाहावें, प्रत्येक औषधाचें नांव कागदावर लिहून घ्यावें, आणि पहिल्याच दिवशीं किती महिन्यांनीं थांबावयाचें हें विचारावें. पंचकर्म सांगितलें तर बस्तीचा क्रम आठ, सोळा किंवा तीस दिवसांचा असतो, आणि बोईसराहून सकाळीं सातची गाडी धरणाऱ्या स्त्रीस तो रजेवांचून जमत नाहीं. तितके दिवस सकाळचा स्वयंपाक व डबे सासूबाईंनीं, जावेनें किंवा दिरानें उचलावे. पतीनें आपली तपासणी त्याच आठवड्यांत उरकून घ्यावी, आणि तिचा कागदहि त्याच फाईलींत लावावा.